अभ्यासिकेसाठी जलशुद्धीकरण यंत्र : वापरणाऱ्यांचे अभिप्राय शोधतानाच्या प्रकल्प नोंदी

२ मार्च २०२५

आज कार्यकारिणीच्या बैठकीत अभ्यासिकेसाठी नवे जलशुद्धीकरण यंत्र घेण्याचे ठरले आणि कोणते घ्यावे याची चौकशी करण्याचे काम ग्रंथपाल म्हणून माझ्याकडे आले. आमचे वाचनालय सोलापूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आहे. आवारातील बोअरचे पाणी मुळातच मचूळ आहे, उन्हाळा वाढू लागला की ते आणखी जड होते, आणि स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी साठेक मुले-मुली सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत तेच पाणी पितात. सकाळी मीटरने मोजले तेव्हा एका लिटरमध्ये विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण १,१४० मिलिग्रॅम भरले. भारतीय मानक १०५०० प्रमाणे हे प्रमाण ५०० पर्यंत असावे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेता येते. आमचे पाणी या दोन आकड्यांच्या मधले असल्याने रिव्हर्स ऑस्मोसिसचे, म्हणजे सगळे ज्याला आरओ म्हणतात ते यंत्र घेणे योग्य आहे, एवढे तरी नक्की झाले.

गावातील दुकानातून तीन यंत्रांची माहितीपत्रके आणली आहेत. त्यांना या नोंदींत अ, ब आणि क असेच म्हणेन, कारण येथे शोधाची रीत टिपायची आहे, कोणाची जाहिरात किंवा बदनामी करायची नाही. खरेदीच्या संकेतस्थळांवर तिन्ही यंत्रांना पाचपैकी चारच्या वर तारे आहेत. तिघांनाही सारखेच तारे असतील तर त्यांवरून निवड करता येत नाही. ३० तारखेला गुढीपाडवा आहे आणि त्या दिवशी दुकानात सवलत असते, म्हणून तोवर निर्णय व्हावा अशी कार्यवाह सरांची इच्छा आहे.

४ मार्च २०२५

पहिला शोध साधाच केला : यंत्राचे नाव आणि पुढे 'रिव्ह्यू' हा शब्द. पहिल्या दोन पानांवर जे आले त्यातील बहुतेक मजकूर 'सर्वोत्तम दहा आरओ' या धाटणीचा होता. अशा पानांवर दहाही यंत्रे चांगली असतात, उणीव म्हणून सांगितलेली गोष्ट 'किंमत थोडी जास्त' यापलीकडे जात नाही, आणि छायाचित्रे कंपनीच्याच माहितीपत्रकातील असतात. पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत एक वाक्य सापडते, की येथील दुव्यावरून खरेदी झाल्यास लेखकाला मोबदला मिळतो. ॲमेझॉनच्या दुवे देणाऱ्या भागीदारांना असे वाक्य लिहावेच लागते आणि त्याची शब्दरचनाही ठरलेली आहे. ते वाक्य बंधनकारक असल्यामुळे त्याचाच चाळणीसारखा उपयोग करता येईल, असे वाटले. उद्या करून पाहायचे आहे.

६ मार्च २०२५

काल आणि आज मिळून शोधयंत्राचे आदेश पद्धतशीर तपासले. ते इंग्रजी अक्षरांतच टाइप करावे लागतात, येथे मी ते देवनागरीत नोंदवत आहे.

सर्वांत उपयोगी ठरले ते दुहेरी अवतरण. अवतरणातला शब्द किंवा शब्दसमूह पानावर जसाच्या तसा असला पाहिजे, अशी सक्ती त्यामुळे होते. पूर्वी गूगलमध्ये शब्दाआधी अधिकचिन्ह दिले तरी ही सक्ती होत असे. २०११ मध्ये ती सोय काढून घेतली गेली आणि तेव्हापासून हे काम अवतरणाकडे आहे. २०२२ पासून निकालाच्या खालचा उतारा शक्यतो त्याच जागेचा दाखवला जातो जेथे अवतरणातले शब्द आले आहेत, त्यामुळे प्रत्येक पान उघडून पाहण्याचे श्रम पुष्कळ वाचतात.

दुसरे वजाचिन्ह. ते शब्दाला अगदी चिकटून यावे लागते, मध्ये मोकळी जागा राहिली तर आदेश लागू होत नाही. मोबदल्याचे ते ठरलेले वाक्य अवतरणात घालून त्यापुढे वजाचिन्ह दिले आणि 'सर्वोत्तम दहा' छापाची निम्म्याहून अधिक पाने एका झटक्यात गळाली. उत्साहाच्या भरात मी 'बेस्ट' हा शब्दही वजा केला, ती मात्र चूक होती. एका गृहस्थांनी दोन वर्षांच्या वापरानंतर लिहिलेला तपशीलवार अनुभव त्यात गळून गेला, कारण त्यांनी 'बेस्ट' हा शब्द 'हे काही बेस्ट नव्हे' अशा वाक्यात वापरला होता. वजा करायचा तो विक्रेत्याखेरीज दुसरा कोणी लिहिणार नाही असाच शब्दसमूह हवा. रोजच्या बोलण्यातला सुटा शब्द वजा केला तर नको त्याबरोबर हवे तेही जाते.

तिसरा 'साइट' हा आदेश. त्यापुढे अपूर्णविराम आणि लगोलग संकेतस्थळाचा पत्ता दिला की शोध तेवढ्याच जागेपुरता मर्यादित राहतो. यात माझा एक तास वाया गेला आणि तो कशामुळे गेला हे लिहून ठेवते, कारण मराठी कळफलक वापरणाऱ्या दुसऱ्या कोणाचाही तसाच जाऊ शकतो. मी अपूर्णविरामाच्या जागी विसर्ग टाइप करत होते. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, शोधयंत्राला मात्र ती दोन वेगळी चिन्हे आहेत. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांच्या, पुस्तकांची विषयवार मांडणी करण्याच्या द्विबिंदू वर्गीकरणात हेच अपूर्णविरामाचे चिन्ह आयुष्यभर लिहीत आले, तरी कळफलक बदलायचे सुचायला तास लागला.

याखेरीज 'इनटायटल' पानाच्या शीर्षकातला शब्द शोधतो, मोठ्या अक्षरांतला 'ऑर' दोहोंपैकी कोणताही शब्द चालवून घेतो, आणि अवतरणाच्या आत ठेवलेले तारकाचिन्ह गाळलेल्या शब्दाची जागा धरते. तारकाचिन्हाचा उपयोग येथे अपेक्षेपेक्षा जास्त झाला : 'आफ्टर', मग तारा, मग 'इयर्स ऑफ यूज' असे लिहिल्यावर दोन, तीन, साडेतीन अशा सगळ्या वर्षांचे अनुभव एकाच शोधात आले.

९ मार्च २०२५

रविवार असल्याने बाजारपेठेतल्या आरओ दुरुस्तीच्या दुकानात जाऊन बसले. दुकान चालवणारे गृहस्थ आमच्या वाचनालयाचे जुने सभासद आहेत. कोणते यंत्र चांगले हे मी त्यांना विचारले नाही, कारण त्यांचा स्वतःचाही थोडा विक्रीचा व्यवसाय आहे. लोक कोणती तक्रार घेऊन येतात आणि ती कोणत्या शब्दांत सांगतात, एवढेच विचारले.

ते म्हणाले, "मॅडम, गिऱ्हाईक मेंब्रेन गेला असं कधीच म्हणत नाही. ते म्हणतंय, पाणी बारीक यायलंय. नाहीतर म्हणतंय, मशीन बंदच होईना, रात्रभर चालूच."

मी वहीत उतरवून घेत गेले. 'पाणी बारीक येते' म्हणजे बहुधा गाळणी तुंबली किंवा मेंब्रेनवर, म्हणजे क्षार अडवणाऱ्या पातळ पडद्यावर, क्षार बसले. 'मशीन बंदच होत नाही' म्हणजे टाकी भरल्याची सूचना देणारा फ्लोट स्विच अडकला किंवा दाब कमी पडतो. 'लाइट लागते पण पाणी येत नाही' म्हणजे पंप, पाणी आपोआप सुरू-बंद करणारा सोलेनॉइड वॉल्व्ह किंवा ॲडॅप्टर यांपैकी काहीतरी गेले. 'चव बदलली' म्हणजे कार्बनची गाळणी संपली, किंवा कारागिराने क्षारांचा नियंत्रक फिरवून ठेवला. निघताना त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, तिचे महत्त्व मला तेव्हा पुरते कळले नाही : "पार्ट स्टँडर्ड हायेत का कंपनीचे, ते बघा आधी. कंपनीचा फिल्टर सोलापूरहून यायला आठ-आठ दिवस लागतात."

घरी येताना जाणवले, की गेले आठवडाभर मी ग्रंथालयाच्या सवयीने शोधत होते. तालिकेत प्रत्येक विषयाला एक ठरलेले शीर्षक असते, लेखकाने कोणताही शब्द वापरला असला तरी आम्ही पुस्तक त्याच शीर्षकाखाली नेऊन ठेवतो, आणि म्हणून ते शीर्षक माहीत असले की पुस्तक सापडते. इंटरनेटवरच्या अभिप्रायांना अशी शीर्षके कोणी दिलेली नाहीत. ज्याचे यंत्र बिघडले त्याने वैतागाच्या भरात जो शब्द लिहिला, त्याच शब्दाने तो सापडणार. 'रिव्ह्यू' हा शब्द विकणारा लिहितो. ज्याच्या घरी पाणी थांबले आहे तो 'रिव्ह्यू' असे लिहीतच नाही.

११ मार्च २०२५

परवाच्या वहीतील शब्द घेऊन शोध नव्याने सुरू केला आणि दोन दिवसांत आधीच्या आठवड्यापेक्षा अधिक हाती लागले. इंग्रजीत 'चोक्ड', 'कंटिन्युअसली रनिंग', 'नॉट स्टॉपिंग', 'बर्न्ट', 'लीकिंग फ्रॉम बॉटम' हे शब्द यंत्राच्या नावासह अवतरणात घातले. यंत्र ब साठी टाकीच्या तळातून गळती ही तक्रार वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या गावांहून आणि वेगवेगळ्या भाषाशैलीत सात ठिकाणी मिळाली. सात हा आकडा लहान आहे आणि त्यावरून किती यंत्रे गळतात हे मुळीच सांगता येत नाही, कारण ज्याचे यंत्र नीट चालते तो लिहायला येतच नाही. पण गळती नेमकी त्याच जागी होते हे सात जणांनी एकमेकांना न विचारता सांगितले आहे. तपासायची जागा कळायला एवढे पुरते.

मराठीतला शोध मात्र अवघड आहे आणि त्याचे कारण आपल्या भाषेच्या घडणीत आहे. इंग्रजीत 'ऑफ द मेंब्रेन' लिहिले तरी मेंब्रेन हा शब्द सुटा राहतो. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतो. मेंब्रेन, मेंब्रेनचा, मेंब्रेनला, मेंब्रेनवर हे शोधयंत्राच्या दृष्टीने चार वेगळे शब्द झाले, आणि अवतरणात फक्त 'मेंब्रेन' घातले तर उरलेले तीन निसटतात. पाणी, चव यांसारख्या शब्दांचे तर सामान्यरूपच बदलते : पाण्याची, पाण्याला, चवीत. म्हणून मराठीत एकच शब्द अवतरणात कोंडण्याऐवजी दोन-तीन रूपे 'ऑर' ने जोडून द्यावी लागतात, किंवा क्रियापदाचे टोक धरावे लागते. 'बारीक येते', 'बारीक येतंय', 'बारीक यायलंय' अशी रूपे घेतली तेव्हा व्हिडिओंच्या शीर्षकांत आणि वर्णनांत आमच्या भागातली माणसे भेटू लागली.

लेखनभेदांचा प्रश्न वेगळाच आहे. आरओ, आर ओ आणि आर.ओ. ही तीन रूपे, प्युरिफायरची ऱ्हस्व-दीर्घाप्रमाणे चार रूपे, आणि 'ॲडॅप्टर' मधला पहिला स्वर तर दोन प्रकारे साठवला जातो : काही कळफलक त्याला एकच अक्षर मानतात, काही अ वर चंद्र जोडतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून चूक लक्षातही येत नाही. शिवाय पुष्कळ माणसे मराठी किंवा हिंदी रोमन लिपीत लिहितात आणि तेथे 'झाला' हा शब्द कोणी झेडने लिहितो, कोणी जेएचने. या गोंधळात एक शब्द मात्र स्थिर सापडला, तो म्हणजे 'खराब'. मराठी आणि हिंदी दोन्हींत तो आहे आणि रोमन लिपीतही बहुतेक जण तो एकाच प्रकारे लिहितात. यंत्राचे नाव आणि रोमन 'खराब' या जोडीने जेवढे खरे अनुभव दिले तेवढे दुसऱ्या कोणत्याही जोडीने दिले नाहीत.

१२ मार्च २०२५

यंत्र क विषयी फारसे काही मिळाले नाही. ते बाजारात नवे आहे आणि बहुतेक अभिप्राय पहिल्या आठवड्यातले आहेत : खोका नीट आला, बसवणारा माणूस वेळेवर आला, रंग छान आहे. पाण्याविषयी त्यातून काही कळत नाही.

१५ मार्च २०२५

कालच्या धुळवडीच्या सुट्टीनंतर आज काळाच्या चाळणीवर काम केले. गूगलने २०१९ मध्ये 'बिफोर' आणि 'आफ्टर' हे आदेश आणले. त्यापुढे वर्ष-महिना-दिवस या क्रमाने आणि इंग्रजी अंकांत तारीख दिली की त्या तारखेच्या आधीची किंवा नंतरची पाने मिळतात. 'सर्वोत्तम दहा' वाली पाने दर जानेवारीत शीर्षकातले वर्ष बदलतात आणि नवी म्हणवतात. ती जुनीच आहेत हे ताडून पाहण्यासाठी संकेतस्थळांच्या जुन्या प्रती साठवणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर त्यांचे पत्ते टाकले. एका पानाची २०२२ ची आणि आजची प्रत शेजारी ठेवली तेव्हा यंत्रांचा क्रम बदललेला, पण प्रत्येक यंत्राखालची स्तुतीची वाक्ये शब्दशः तीच असल्याचे दिसले. गूगलची साठवलेली प्रत पूर्वी 'कॅश' आदेशाने थेट उघडता येत असे. ती सोय २०२४ मध्ये बंद झाल्याने आता आर्काइव्हचाच आधार आहे.

मला मात्र पानाच्या तारखेपेक्षा वापराचा काळ अधिक मोलाचा वाटतो. अभिप्राय कधी लिहिला हे दुय्यम आहे, यंत्र घेऊन किती काळ लोटल्यावर लिहिला हे खरे विचारायला हवे. म्हणून 'वॉरंटी संपल्यावर', 'दीड वर्षानंतर', 'दुसऱ्यांदा मेंब्रेन बदलला', 'एएमसी रिन्यू' असे शब्द शोधात घेतले. वार्षिक देखभाल कराराचे नूतनीकरण केले किंवा नाकारले असे जो लिहितो, त्याने यंत्र निदान वर्षभर वापरलेले असणार, हे त्याने वेगळे सांगण्याची गरज उरत नाही.

१७ मार्च २०२५

खोट्या अभिप्रायांविषयी. भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन ग्राहक अभिप्रायांसाठी मानक १९००० आणले. त्यात अभिप्राय कसे गोळा करावेत, कसे तपासावेत आणि कसे प्रसिद्ध करावेत याचे नियम आहेत आणि विकत घेतलेले अभिप्राय निषिद्ध आहेत. ते पाळणे मात्र ऐच्छिक ठेवले गेले. जानेवारी २०२३ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने समाजमाध्यमांवर वस्तूची शिफारस करणाऱ्यांसाठी मार्गदर्शिका काढली, तिच्याप्रमाणे मोबदला, फुकट मिळालेली वस्तू किंवा अन्य संबंध असेल तर तो ठळकपणे सांगणे आवश्यक आहे. म्हणून व्हिडिओ पाहण्याआधी वर्णनातले 'सशुल्क भागीदारी' किंवा 'प्रायोजित' हे शब्द पाहण्याची सवय लावून घेतली.

आज केलेली एक तपासणी तपशिलाने लिहून ठेवण्यासारखी आहे. यंत्र अ च्या पंचतारांकित अभिप्रायांतले ज्यात काहीतरी विशेष होते असे एक वाक्य निवडले : पाहुण्यांनीही पाण्याची स्तुती केली आणि आता त्यांनीही हेच घेतले, अशा अर्थाचे. ते इंग्रजी वाक्य जसेच्या तसे अवतरणात घालून, यंत्राचे नाव न देता, शोधले. तेच वाक्य, तीच विरामचिन्हे आणि तीच एक व्याकरणाची चूक, मिक्सरच्या आणि खोली गरम करणाऱ्या हीटरच्या अभिप्रायांत सापडली. हीटरच्या बाबतीतही पाहुण्यांनी पाण्याचीच स्तुती केलेली होती. हे लेखन कंपनीने करवले, विक्रेत्याने की तिसऱ्याच कोणी, हे मला सिद्ध करता येत नाही आणि म्हणून त्याचा दोष यंत्रावर टाकत नाही. त्या जागेवरचे तारे मात्र हिशेबातून काढून टाकले आहेत.

त्या पानांवर एक आणि पाच ताऱ्यांऐवजी तीन ताऱ्यांचे अभिप्राय आधी वाचावेत, असे मी आता ठरवले आहे. तीन तारे देणारा माणूस काय चांगले आणि काय वाईट याचा हिशेब मांडतो. खरेदीच्या संकेतस्थळांवरचे सगळे अभिप्राय बाहेरच्या शोधयंत्राला दिसत नाहीत, त्यामुळे तेथे त्यांच्याच अभिप्रायांच्या शोधचौकटीत 'हार्ड वॉटर', 'बोअरवेल', 'टीडीएस' (म्हणजे विरघळलेले क्षार) हे शब्द टाकावे लागतात. नगरपालिकेच्या गोड पाण्यावर पाच वर्षे चाललेल्या यंत्राचा अनुभव आमच्या बोअरच्या पाण्याला लागू होत नाही. 'बोअरवेल' टाकल्यावर अ चे अभिप्राय हजारोंवरून काही डझनांवर आले आणि त्यांचा सूर पुष्कळच सौम्य झाला.

२० मार्च २०२५

आजच्या शोधाने प्रकल्पाची दिशा बदलली.

'फाइलटाइप' या आदेशापुढे पीडीएफ लिहून तिन्ही यंत्रांची वापरपुस्तिका आणि वॉरंटीच्या अटी शोधल्या. दुकानातल्या चकचकीत माहितीपत्रकात त्या नव्हत्या. तिन्ही पुस्तिकांत एक कलम जवळजवळ समान आहे : यंत्र घरगुती वापरासाठी आहे, आणि ते कार्यालय, शाळा, वसतिगृह किंवा अशा अन्य ठिकाणी बसवल्यास वॉरंटी लागू राहणार नाही. अभ्यासिका त्यात उघडच येते. म्हणजे गेले अठरा दिवस मी जे अभिप्राय काळजीपूर्वक चाळत होते ते चार-पाच माणसांच्या घरांतले होते आणि आम्ही ती घरे नव्हतो.

मग हिशेब मांडला, तो पहिल्याच दिवशी मांडायला हवा होता. साठ जण रोज निदान एक लिटर पाणी भरून घेतात, म्हणजे साठ लिटर. घरगुती यंत्राची क्षमता ताशी पंधरा लिटरपर्यंत सांगितलेली असते आणि टाकी सात-आठ लिटरची. दुपारी बारा ते एक या तासात निदान तीस जण बाटल्या भरतात. भरलेली टाकी आणि त्या तासाचे उत्पादन मिळून तेवीस लिटर होतात, तेही मेंब्रेन नवा असताना आणि पाणी फार जड नसताना. घरगुती आरओ आत घेतलेल्या पाण्यापैकी साधारण चौथा हिस्साच पिण्यासाठी देतो असे धरले तर साठ लिटरसाठी एकशेऐंशी लिटर पाणी बाहेर टाकले जाईल, आणि आमच्याकडे उन्हाळ्यात बोअरच अर्धा तास चालते. ते पाणी स्वच्छतागृहाच्या टाकीत वळवण्याची सोय यंत्राबरोबरच करावी लागेल.

अध्यक्ष सरांना संध्याकाळी फोन करून पाडव्याला खरेदी होणार नाही असे कळवले. त्यांनी कारण ऐकून घेतले आणि म्हणाले, "ताई, सवलत पुन्हा दसऱ्याला येईलच. तुम्ही शोध पूर्ण करा."

२२ मार्च २०२५

नवी शब्दयोजना ठरवली. आता यंत्राच्या नावाऐवजी वापरणाऱ्यापासून सुरुवात केली : 'हॉस्टेल', 'मेस', 'कोचिंग', 'शाळा', 'अंगणवाडी', 'मंगल कार्यालय' यांपैकी एक, त्यासोबत 'आरओ', आणि 'पंचवीस लिटर' किंवा 'पन्नास लिटर प्रति तास' याचे इंग्रजी लघुरूप. अभिप्राय संख्येने थोडे मिळाले, सगळे मिळून दोन डझनही नाहीत, पण प्रत्येकात आमचाच प्रश्न होता. एका वसतिगृहाच्या व्यवस्थापकांनी परीक्षेच्या दिवसांत पाणी कमी पडल्याचे आणि मग वेगळी स्टीलची साठवण टाकी जोडल्याचे लिहिले होते. दुसऱ्या एकाने लिहिले होते की मोठे यंत्र कंपनीच्या खास आकाराच्या गाळण्यांचे असल्याने गाळणी येईपर्यंत दोन आठवडे मुले बाहेरून जार आणत होती.

ते वाचताना दुरुस्तीच्या दुकानातले बोलणे आठवले. ठरावीक मापाचा मेंब्रेन, ज्याला त्याच्या इंचांतल्या मापांवरून अठराशे बारा म्हणतात, आणि दहा इंची गाळण्या कोणत्याही तालुक्याच्या गावी मिळतात. म्हणून 'स्टँडर्ड साइज', 'लोकल टेक्निशियन', 'स्पेअर नॉट अव्हेलेबल' हे शब्द घेऊन उरलेला दिवस शोध चालवला आणि निवडीचा पहिला निकष तोच ठरवला.

२५ मार्च २०२५

ग्राहक आयोगांचे निकाल पाहिले. कंपनीचे नाव, 'वॉटर प्युरिफायर' आणि 'डेफिशियन्सी इन सर्व्हिस' हे तिन्ही अवतरणात घालून निकालांच्या संकेतस्थळापुरता शोध मर्यादित केला. निकाल हा रूढ अर्थाने अभिप्राय नव्हे, तरीही मला तो सर्वांत भरवशाचा वाटला, कारण त्यात बिलाची तारीख असते, तक्रार कितव्या दिवशी नोंदवली आणि कारागीर कधी आला हे असते, आणि कंपनीचे उत्तरही त्याच कागदावर असते. एवढे तपशील एका ठिकाणी मला अन्यत्र कोठेही मिळाले नाहीत. वाचायला वेळ लागतो हे खरे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी कारणासाठी वस्तू घेणाऱ्याला ग्राहकाच्या व्याख्येतून वगळले आहे, म्हणून बिल वाचनालयाच्या नावाने घ्यावे आणि त्यावर वापराचे ठिकाण स्पष्ट लिहून घ्यावे, अशी सूचना कार्यकारिणीसाठी टिपून ठेवली.

३० मार्च २०२५

पाडवा. ग्रंथपूजनानंतर छोटी बैठक झाली. अ, ब आणि क तिन्ही नाकारून ताशी पंचवीस लिटरचे, ठरावीक मापाच्या सुट्या भागांचे, संस्थेतल्या वापरावर लेखी वॉरंटी देणारे यंत्र आणि वेगळी पन्नास लिटरची स्टीलची टाकी घेण्याचे ठरले. कार्यवाह सरांनी विचारले, की एवढ्या शोधानंतर हे यंत्र बिघडणार नाही ना. ते बिघडेलच, पण कोठे बिघडेल आणि तेव्हा गावात कोण दुरुस्त करील हे आता माहीत आहे, असे मी सांगितले.

६ एप्रिल २०२५

यंत्र बसवले. आत १,१४०, बाहेर नियंत्रक जुळवल्यावर ११०. टाकाऊ पाण्याची नळी स्वच्छतागृहाच्या टाकीत सोडली आहे.

१२ ऑक्टोबर २०२५

सहा महिने झाले. मार्चमध्ये मला ज्यांचे अनुभव उपयोगी पडले त्यांनी ते लिहिण्याची तसदी घेतली होती, म्हणून आज विक्रेत्याच्या पानावर आमचाही अभिप्राय नोंदवला. तो लिहिताना शोधणारा कोणते शब्द टाइप करील याचा विचार केला आणि तेच शब्द मुद्दाम वापरले, मराठीत आणि खाली रोमन लिपीतही. त्याची प्रत येथे ठेवते :

"बोअरवेलचे मचूळ पाणी. अभ्यासिकेत वापर, रोज साठ माणसे. ६ एप्रिल २०२५ रोजी बसवले. ऑगस्टमध्ये पाणी बारीक येऊ लागले, सेडिमेंट फिल्टर तुंबला होता, गावातल्याच कारागिराने त्याच दिवशी बदलून दिला. सप्टेंबरमध्ये एकदा मशीन रात्रभर बंद झाली नाही, फ्लोट स्विच अडकला होता. मेंब्रेन अजून पहिलाच आहे. टाकीत गळती नाही. पावसाळ्यानंतर आज मोजले तेव्हा आत ९६०, बाहेर १३०. तीन तारे देत आहे, कारण फ्लोट स्विच सहा महिन्यांत अडकायला नको होता. वॉरंटी एप्रिल २०२६ मध्ये संपेल, त्यानंतरचा अनुभव येथेच खाली लिहीन."